ओढ्याकाठची ह्यांची भिंत

७ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
सा. न. वि. वि.

...भांडी घासून मी पालथी घालत होते आणि हे ओढ्याकाठी भिंतीचा शेवटचा दगड बसवत होते. बहिणीचं तोंड बघायचं नाही म्हणून भिंत घालतोस का, असं तुम्ही पलीकडच्या काठावरून ओरडून विचारलंत. हे म्हणाले, तोंड दिसेल, आवाज तेवढा कमी येईल. तीस वर्षं झाली त्या गोष्टीला.

आता ओढा मोकळा करताहेत. तळाचं काँक्रीट काढलं, वरच्या अंगाला जुनी वळणं परत दिली. राहिली आपली भिंत. पुराला पसरायला परस द्या, असं इंजिनिअर बाई म्हणतात. माझी सही हवी. तीनदा चहा पाजून परत पाठवलं. ह्यांच्या हातचं एवढंच उभं उरलंय, वन्सं.

पण काल बाईंनी नकाशा उलगडला. भिंतीवर आपटून पाणी कुठे जायचं, ते बाणाने दाखवलं. बाणाचं टोक तुमच्या स्वयंपाकघरात होतं. दोन पुरांनंतर तुम्ही घर विकून गेलात. तुम्हाला ठाऊक होतं का?

लोभ उरला असेल तेवढा राहू द्या.

तुमची,
वहिनी

१६ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न.

ठाऊक होतं. दादालाही पहिल्याच पुरात कळलं. तीन दिवस त्याने माझ्या घरातला चिखल उपसला आणि भिंत पाडतो म्हणाला. पाडायची नाही, अशी मीच शपथ घातली. तेव्हा तुम्ही परसातल्या एका खोलीत राहत होतात, पोर रांगती. तुला सांगू नको, हेही माझंच. तू माझ्याशी गोड गोड बोलायला लागली असतीस. ते मला सोसलं नसतं.

इथे कशाला कमी नाही. सकाळी ओरडायला हक्काचं माणूस तेवढं नाही.

सहीचं तुझं तू ठरव. राग धरू नकोस, धरलास तर फार दिवस नको.

तुझी,
नणंद

२० फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. ह्यांनी हे एकट्याने पोटात ठेवलं, याचा संताप आला. गेलेल्या माणसावर इतकं चिडता येतं, हे मला नवीन आहे. चार शब्द सुनावायला तरी समोर हवे होते. दुपारभर भिंतीला पाठ लावून बसले. दगड ऊन होते.

तुम्ही या. राहायलाच या. माया आहे तशी असू द्या.

तुमची,
वहिनी

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं. आज सकाळी मी सही केली आणि परसातली रोपं मुळासकट काढून पुढच्या अंगणात लावली.