भीमाच्या पायाचा अंगठा

रविवार, २३ नोव्हेंबर

मला काय गरज होती बोलायची? साळा जेवायला आला होता, गप्प जेवायचं. पण आमच्या गावच्या खडकातल्या खळग्याचा विषय निघाला. लोक त्याला भीमाचं पाऊल म्हणतात, खळ्यावर धान चुरून झालं की पहिली मूठ तिथे ठेवतात. मी इतिहासाचा मास्तर! महाभारत ही कथा आहे, खळगा पाण्यानं पडला, असं अर्धा तास समजावलं. साळा वांग्याची भाजी खाऊन राहिला होता. शेवटी म्हणाला, "बरोबर हाय जवाईबापू. तुमचा खळगा पान्याचाच हाय. भीमाचा खरा पाय आमच्या गावात हाय."

मग माझं डोकंच फिरलं. "काऊन? आमच्या पायाले अंगठा हाय! तुमच्या पायाले हाय का?"

बायकोला हसून हसून ठसका लागला. "भीम झालाच नाही, तं अंगठा कोनाचा जी?"

कोणाचाही असो, पण अंगठा आहे, लहानपणी मी त्यात बसायचो.

संध्याकाळी टेप घेऊन साळ्याच्या गावी जाऊन आलो. अंगठा त्यांच्याही पावलाला आहे, नाही कशाला म्हणू? पण आमचं पाऊल चार बोटं मोठं आहे.