चौघांचा तंबू

शनिवार, संध्याकाळ. कुंभारीजवळचं मैदान.

जुन्या मोटारसायकलींचा बाजार भरलाय. लोक सुटे भाग अदलाबदलीला मांडून बसलेत, बायकापोरांसह मुक्कामाला आलेत. मीही माझी जुनी गाडी आणली आणि चौघांचा तंबू भाड्याने घेतला. मुलगा, सून आणि नात इथून जवळच्या जुळे सोलापूर भागातून येणार होते. नातीला गाडीवर बसवायचं होतं.

सूनबाईंची अडचण नको म्हणून सकाळीच बायकांच्या संडासाची कडी बघून आलो. ढिली होती. माझ्या पेटीतला नटबोल्ट घालून घट्ट केली. दुपारी पुन्हा ओढून बघितली. पक्की आहे.

मग मुलाचा फोन आला. "आप्पा, थंडी लई आहे. पोरीला तंबूत कुठं झोपवता? तुम्हीच या की घरी." कडीचं सांगायचं राहूनच गेलं. सांगितलं असतं तर आले असते का?

फोन ठेवतोय तोवर शेजारच्या तंबूतली अक्कलकोटची बाई आली. तिची सहा माणसं, तंबू एवढासा. "अज्जा, तुमची माणसं न्हाय येणार तर आमच्या पोरी झोपू देत की हितं."

मी पटकन म्हणालो, "येतायत की. वाटेतच हायत."

असं का म्हणालो?

त्या पोरी आता बाहेर चटईवर अंग चोरून बसल्यात. माझा तंबू रिकामा. त्यांना हाक मारावी. पण हाक मारायची तर आधी त्यांच्या आईला सांगावं लागेल, माझं कुणी येणार नाही.