उशीच्या वासाची चौकशी

४ मार्च, सकाळी ७.१०
सलग तिसऱ्या दिवशी पत्नी मुलीच्या खोलीतून उठून आली. कारण विचारले असता, माझ्या उशीला वास येतो, असे सांगण्यात आले. सव्वीस वर्षांच्या संसारात हा मुद्दा प्रथमच उपस्थित झाला आहे. उशी स्वतः हुंगली. वास आहे, परंतु तो माझा नाही. लॉन्ड्रीवाल्यावर संशय घेण्यास जागा आहे. मागच्या खेपेस अभ्र्याची घडी तीनऐवजी चार पदरी होती.
संकल्प : उशी घरीच धुणे. रविवारपर्यंत पत्नी आपल्या खोलीत परत.

५ मार्च
उशीवरील लेबल भिंगातून वाचले. कोमट पाणी, एक चमचा पावडर, मशीनमध्ये दोन उशा एकत्र. ‘दोन एकत्र’ ही अट केवळ पावडरचा खप वाढवण्यासाठी. एकच धुवेन. चमचे मात्र चार घालेन. माप मुद्दाम कमी लिहितात, म्हणजे मळ राहतो आणि माणूस पुन्हा धुतो.

६ मार्च, सकाळी ९.३०
रजा टाकली. पिळण्याच्या फेरीत मशीन धडधडत बाथरूमच्या दारापर्यंत चालत आले. मुलीने विचारले की बाबा, ते पळून का चाललंय, तुम्ही त्याची पण चौकशी केलीत का? दुर्लक्ष केले. मेकॅनिकने गेल्या वेळी पाय सैल ठेवले असणार, पुन्हा बोलावणे यावे म्हणून.

दुपारी १.००
पाचव्यांदा खंगाळूनही फेस निघतो आहे. पावडर भेसळीची.

सायंकाळी ५.१५
गच्चीवर उशी वाळत घातली. वरच्या मजल्यावरील काकूंच्याही उशा तिथेच. रंग तोच, आकार तोच. योगायोगावर माझा विश्वास नाही. खुर्ची टाकून बसलो. काकूंनी विचारले की भाऊजी, ऊन उशीला द्यायचंय की टकलाला? मला तेथून हलवणे हाच प्रश्नाचा हेतू. उशी वरवर कोरडी लागत होती. खाली आणून कपाटात ठेवली, कुलूप लावले, किल्ली खिशात.

८ मार्च, सकाळी ६.४५
कपाट उघडले. पूर्वीचा वास यापुढे अत्तर म्हणावा. माझे दोन शर्टही बाधित. निष्कर्ष : कपाट कोणीतरी उघडले. किल्ली माझ्याकडे होती. अर्थात दुसरी किल्ली अस्तित्वात आहे. पत्नीचे म्हणणे असे की उशी आत ओली राहिली, ओली वस्तू कोंडली की कुबटच होणार, अहो, त्याला किल्ली कशाला लागते? उत्तर फारच तत्परतेने आले. नोंद घेतली.

९ मार्च, शनिवार
पत्नीने कामकाज ताब्यात घेतले. दोन्ही उशा एकत्र, पावडर एकच चमचा. मशीन जागचे हलले नाही. मशीनही तिला सामील. दिवसभर उन्हात, तासातासाने उलटणे, थोपटणे, मधोमध दाबून ओल पाहणे. आज दमट वाटतात म्हणून रात्री पंख्याखाली, उद्या पुन्हा ऊन. मी खिडकीतून चार हरकती नोंदवल्या. काकू आणि ती हसत होत्या. कशाला, ते समजले नाही.

१० मार्च, सायंकाळी ६.००
उशा फुगलेल्या, हलक्या, उन्हाचा वास. पाऊण तास दोष शोधला, सापडला नाही. हे मी खुल्या मनाने मान्य करतो. दोन्ही उशा पलंगावर शेजारी मांडल्या, चादरीची सुरकुती काढली आणि पत्नीला बोलावले.

तिने माझ्या उशीत नाक खुपसले. वास गेला, म्हणाली. मग स्वतःची उशी काखोटीला मारून मुलीच्या खोलीकडे निघाली.

तक्रारीचे निवारण झाले असल्याचे मी निदर्शनास आणले. ती दारात थांबली. रागावली नव्हती. म्हणाली की वासाचं सांगायला सोपं होतं. तिकडे मला झोप लागते हो. मध्येच हलवून कोणी विचारत नाही, खिडकी कोणी उघडली म्हणून.

सायंकाळी ७.२०
शांतपणे विचार केला. पलंगावर एकच उशी बरी दिसत नाही, म्हणून ती मध्यभागी सरकवली. पत्नीचे विधान वस्तुस्थितीस धरून आहे. गेल्या महिन्यात मी तिला सात वेळा उठवून विचारले, हे मान्य.

उत्तर मात्र तिने एकदाही दिलेले नाही.