गोंदाच्या नोझलात अडकलेली टाचणी

प्रिय मेहुणेबुवांस, आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन दीड महिना झाला आणि उत्तर आज लिहितो आहे, म्हणून आधी माफी मागतो. वेळ नव्हता असं नाही. उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटली होती, ती सुटली तसा लिहायला बसलो. (हे कारण शेवटच्या चार दिवसांचं. त्याआधीच्या दिवसांचं कारण आठवत नाही.) तुझी कंबर कशी आहे? अजून शिडीवर चढतोस का? चढू नकोस. रंगाऱ्याने साठीनंतर हात पोचेल तिथपर्यंतच भिंत रंगवावी आणि वरचं राहू द्यावं, असं माझं मत आहे. आम्ही बरे आहोत. तुझ्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन येत्या पंचवीस तारखेला ठरलं. साधा मोतीबिंदू आहे, काळजीचं कारण नाही, असं सगळे सांगतात. सगळेच सांगायला लागले की मला जास्त काळजी वाटते.

तर हकिगत अशी. पट्टी निघेल तेव्हा तिला काहीतरी छान दिसावं (माझा चेहरा तर दिसणारच, त्याला इलाज नाही) म्हणून मी गुपचूप तिच्यासाठी शिवणाचा डबा करायला घेतला. अक्रोडाचं लाकूड, आतून मखमल. झाकण बसलं, बिजागऱ्या बसल्या, मखमल तेवढी राहिली. पांढऱ्या गोंदाने ती भिजून डागाळते, म्हणून दुकानदाराने स्प्रेचा गोंद दिला. पहिल्या दिवशी एक बाजू झकास चिकटली. संध्याकाळी मी आयुष्यभराच्या सवयीने नोझलात टाचणी खोचून ठेवली. आम्ही सुतार गोंदाच्या बाटलीच्या तोंडात खिळा खोचतोच. पन्नास वर्षं खोचतो आहे, बाटली कधी तुंबली नाही. इथे मात्र सकाळी टाचणी निघेना. पकडीने ओढली तर डोकं माझ्या हातात आणि धड आत.

मग मी अक्कल चालवली. (तुझी बहीण म्हणते, आमच्या घरातले सगळे अपघात तिथूनच सुरू होतात.) माश्या मारायच्या फवाऱ्याचं नोझल काढून गोंदाच्या डब्यावर बसवलं. बरोब्बर बसलं. फक्त त्याचं भोक माझ्याकडे होतं, ते मला दिसलं नाही, कारण चष्मा कपाळावर होता. तो मग दुपारपर्यंत कपाळावरच राहिला. मिशी एका बाजूला वळली आणि तशीच वाळली. (माश्या मात्र तेव्हापासून जवळ फिरकत नाहीत.) एवढ्यात तुझी बहीण चहा घेऊन आत आली. तिला धड दिसत नाही म्हणून शिवणाचा डबा लपवायला मी त्यावर नुसतं फडकं टाकलं होतं. तिने वास घेतला, माझा चेहरा चाचपला आणि तेलाची वाटी आणली. अर्धा तास मिशी चोळत होती. हे कुणासाठी चाललंय, एवढंच विचारलं. मी म्हटलं, एक गिऱ्हाईक आहे.

"नशीबवान आहे," ती म्हणाली. "मिशी जरा कापावी लागेल."

पुढे ते दुसरं नोझलही तुंबलं. दोन दिवस सुईने कोरत बसलो. भोक मोकळं झालं, पण रुंदही झालं. आता फवारा येत नाही, गोळे पडतात. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. कारण डॉक्टर म्हणाला होता की डोळ्याला बारीक भोक पाडून आतलं गढूळ काढून घेतात. केवढं बारीक, तर म्हणे टाचणीच्या डोक्याएवढं. मी चौथीनंतर शाळेत गेलो नाही, पण बारीक भोकात कोरत बसलं की काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि नोझल दुसरं मिळतं.

तू जन्मभर पॉलिशचा स्प्रे मारलास. नोझल थिनरमध्ये किती वेळ ठेवायचं? काम झाल्यावर डबा उलटा धरून नुसती हवा येईपर्यंत दाबायचं म्हणतात, ते खरं का? सविस्तर लिही.

तुझा,
दाजी

ता.क. नोझलचं राहू दे. पत्र पाकिटात घालायच्या आत तुझ्या बहिणीने टाचणीवालं नोझल थिनरच्या वाटीत टाकलं आणि तासाभराने नुसत्या बोटांनी चाचपून, चिमट्याने टाचणी ओढून काढली. मग मला फवारा मारायला लावून उरलेली मखमलही हातानेच बसवली. एक सुरकुती नाही. रंग कोणता, विचारलं. मी सांगितलं, निळा. जरा वेळ हात तसाच आत ठेवून म्हणाली, "तिला निळाच आवडतो."

आणखी ता.क. पंचवीसला तू ये. तिच्यासाठी नको, ती घाबरलेली नाही, पिशवी भरून तयार आहे. ऑपरेशन वीस मिनिटांचं आहे, आणि बाहेरच्या बाकावर ती वीस मिनिटं मला एकट्याला काढवणार नाहीत. तू नुसता शेजारी बस. बोलायचंच झालं तर रंगांबद्दल बोल. मी बोलावलं हे तिला सांगू नकोस, सहज आलो म्हण. येतोस की नाही ते लगेच कळव. दोन शब्द पुरेत, पण लवकर कळव.