धुनेचा तिसरा भाग

डॉर्चेस्टर, बॉस्टन
१८ मे १९७८

ती. डिंप्नास,
स. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा आता बरा आहे, पण जिना चढताना मला ऐंशी वर्षांचा करून टाकतो. माझी आयलीन देवाघरी गेल्यापासून घरात आवाज म्हणून नसतो, त्यामुळे शनिवारी गल्लीतली पोरं वाद्यं घेऊन माझ्यासोबत वाजवायला येतात त्याची मी आठवडाभर वाट पाहतो.

त्यांतली रोझलीन नावाची मुलगी जूनमधल्या संगीत उत्सवाला बॅलीनाशला येते आहे, सोबत दोन मित्र. फिडल चांगलं वाजवते, जेवते मात्र चिमणीइतकं. तिच्याकडे लक्ष ठेव. आणि एक विनंती. उत्सवाचे तीन दिवस तू टेसच्या पबच्या मागच्या खोलीत सँडविचं करत बसतेस, हे मला ठाऊक आहे. यंदा थोडा वेळ तरी बाहेर येऊन बस. बायकांनी पबमध्ये वाजवलेलं बाबांना खपत नसे, पण बाबांना जाऊन आता किती वर्षं झाली. तुझी ती हातातली पेटी, कॉन्सर्टिना, माळ्यावर गंजतेय की तिचा भाता उंदरांनी खाल्ला?

तिथल्या ओल्या गवताचा वास इथे कुठेच येत नाही. जवळच्यांना माझी आठवण सांग. माया आहे तेवढी असू दे, कमी करू नकोस.

तुझा धाकटा,
फिंटन

बॅलीनाश, क्लेअर, आयर्लंड
१३ जून १९७८

चि. फिंटन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी रोझलीन सुखरूप आली आणि माझ्याकडेच उतरली. चिमणी कसली, सकाळी चार अंडी खाते. तुझ्या घरी लाजत असेल, किंवा तुझा स्वयंपाक तसा असेल.

उत्सव छान झाला. पाऊस शुक्रवारीच पडून गेला. टेसच्या पबमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, लोक खिडकीत बसले होते. शनिवारी दुपारी मी मागे हॅम कापत होते. बाहेर एकामागून एक धुना चालल्या होत्या, माझं अर्धंच लक्ष होतं. मग रोझलीनने एक धून सुरू केली आणि माझा हात थांबला. टेसला वाटलं बोट कापलं.

ती माझी धून होती, फिंटन.

तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. तू बोटीचं तिकीट काढलंस त्या हिवाळ्यात मी ती चुलीपाशी बसून जमवत होते. तू भिंतीपलीकडे झोपलास असं मी समजत होते.

त्यांनी दोनच भाग वाजवले आणि पुन्हा पहिल्यावर गेले. परत तेच. माझी बोटं टेबलावर तिसरा भाग वाजवायला लागली. टेस माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली की बाई, हात पूस आणि जा, सँडविचं काही पळून जात नाहीत.

मी एप्रनसकट बाहेर गेले. बाबांच्या वेळचा पॅकी कॉन्सिडाइन तेव्हाच रोझलीनला धुनेचं नाव विचारत होता. तिने सांगितलं, ही फिंटनची धून, बॉस्टनमध्ये सगळे तेच म्हणतात. मी म्हटलं की फिंटन माझा भाऊ, पण धून अजून संपलेली नाही. तिच्या मित्राकडे कॉन्सर्टिना होती, ती मागून घेतली. पॅकी म्हणाला, तुझे वडील असते तर आज काय बोलले असते. मी म्हटलं, ते समोरच्या दफनभूमीतच आहेत आणि टेसच्या खिडक्या उघड्या आहेत, काय बोलायचं ते बोलू देत.

पहिल्यांदा बोटं अडखळली. दुसऱ्यांदा जमलं. तिसऱ्या भागाला बाकीच्यांनी वाद्यं खाली ठेवली आणि मी एकटीच वाजवत राहिले. तो भाग तू गेल्यावरचा आहे. पोस्टमन आपल्या दारावरून न थांबता पुढे गेला की मी तो वाजवायची. पॅकीने टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

रविवारपर्यंत सगळा पब तिन्ही भाग वाजवत होता. रोझलीनला फार अवघडल्यासारखं झालं होतं, आता नाव काय सांगायचं म्हणत होती. मी तिला म्हटलं, फिंटनचंच राहू दे. फिंटन, तू ती समुद्रापार नेली नसतीस तर माझ्या चुलीपाशीच विझली असती.

गुडघ्याला गरम मिठाचं फडकं बांध. आळस न करता उत्तर लिही.

तुझी,
डिंप्ना

डॉर्चेस्टर, बॉस्टन
२ जुलै १९७८

ती. डिंप्नास,
स. न. वि. वि.

रोझलीन विमानतळावरून आधी माझ्याकडे आली, आईकडे नंतर गेली. तिची आई माझ्यावर रागावली आहे.

मला ती धून आपल्या आईची वाटायची. भिंतीतून यायची, आणि घरातलं सगळं आईचंच असतं अशी माझी समजूत. माझ्या दोन्ही मुलांच्या लग्नात मी ती वाजवली. आयलीनला निरोप देतानाही चर्चमध्ये हीच वाजवली, दुसरी कुठली सुचलीच नाही. इतकी वर्षं तू माझ्या घरात होतीस आणि मला पत्ता नव्हता.

रोझलीनने स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच तिसरा भाग वाजवला. मी चहा करायचं निमित्त करून तिच्याकडे पाठ केली. बराच वेळ केला चहा.

नावाचं मी तुझं ऐकणार नाही. पोरांना सांगून टाकलं, ही डिंप्नाची धून, आणि जो दुसरं नाव घेईल त्याला चहा नाही.

आता शनिवारी सगळे तिन्ही भाग वाजवतात. मी दुसरा संपला की बासरी ओठांवरून काढतो. पोरं विचारतात, दम लागला का. मी हो म्हणतो. खरं कारण तुला सांगतो. तो भाग मी तिथे नसतानाचा आहे. तो मला तुझ्याच हातून शिकायचा आहे, आपल्या चुलीपाशी बसून. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शॅनन विमानतळावर उतरतो आहे. भिंतीपलीकडची खोली झाडून ठेव.

भेटीपर्यंत जीव लावून राहा.

तुझा,
फिंटन