रिफ्की काकांचं पोर्ट्रेट

३ जुलै, आयवालिक, तुर्की. सकाळी ७.
आजपासून नियमित काम. इथे येऊन अकरा वर्षं झाली. डेन्मार्कातच राहिलो असतो तर कलावंत म्हणून केव्हाच संपलो असतो. गेल्या चार वर्षांत एकही चित्र झालं नाही, पण ती तयारीची वर्षं होती. तळमजल्यावरच्या रिफ्की काकांना शब्द दिलाय: पंधरा दिवसांत पोर्ट्रेट. त्यांची मुलगी निल्गुन ऑगस्टमध्ये जर्मनीहून येतेय, तिला भेट. उद्या दहाला सुरुवात.

४ जुलै. ३८ डिग्री.
काका दहाच्या ठोक्याला हजर. वय अठ्ठ्याहत्तर, उभा जन्म साबणाच्या कारखान्यात कामात गेला, वक्तशीर माणूस. पण अंगात नुसता शर्ट. म्हणालो, कोट हवा, कोटाशिवाय भारदस्तपणा येत नाही. तीन मजले उतरून, लोकरीचा कोट चढवून पुन्हा वर आले. काढलं काही नाही. पहिला दिवस निरीक्षणाचा.

५ जुलै.
लाइट फार पांढरा. निरीक्षण.

९ जुलै. ३९.
पंखा बंद ठेवायला लागतो, कॅनव्हास हलतो. तासभर कोरडा ब्रश फिरवला. याने हात तयार होतो. मुकद्देस काकू ताक घेऊन आल्या. "काय चित्रकारसाहेब, नाक तरी झालं का?" म्हणालो, नाकाचं काम नाजूक असतं. "ह्यांच्या नाकाला एक अख्खा कॅनव्हास लागेल हो!" काका हसले. हलू नका म्हणून बजावलं. पूर्ण होईपर्यंत कुणी बघायचं नाही, हेही सांगून ठेवलं.

१४ जुलै.
उठायला साडेअकरा. काका दीड तास जिन्यात बसून होते. सांगितलं, रात्रभर पार्श्वभूमीवर काम करत होतो. म्हणाले, जिवाला जपा.

२० जुलै.
दोन तृतीयांश झालं असं सांगून टाकलं. एका अर्थी खरंच आहे. डोक्यात झालंय. काकूंनी लगेच निल्गुनला फोन केला.

२६ जुलै. ४२.
काकांचे ओठ पांढरे पडले होते. विचारत होते, आज कोट काढू का? नको म्हणालो, नेमकी कॉलर चालू आहे.

२८ जुलै.
काका आले नाहीत. बरं झालं, एक दिवस सुट्टी.

रात्री.
दुपारी मशिदीच्या भोंग्यावरून कुणी गेल्याची घोषणा झाली, काकांचं नाव पुकारलं. चुकून ऐकलं असं वाटलं. खाली गेलो तर दारात चपलाच चपला. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, वर यायलाच निघाले होते, कोटात एक हात घातला आणि खाली बसले. डॉक्टर म्हणे, उन्हाळा आणि हृदय.
हृदय आधीपासूनच कमकुवत असणार. शिवाय अठ्ठ्याहत्तर म्हणजे वय झालंच. तिसऱ्या प्रहरी दफन केलं.

३० जुलै.
निश्चय! निल्गुन यायच्या आत पूर्ण करणार. आठवणीतून काढतो तोच खरा चित्रकार.

१ ऑगस्ट.
कोट झकास जमला. डोळे तपकिरी की हिरवे? मिशी होती. बहुतेक होती. खाली जाऊन कुणाला विचारणं बरं दिसणार नाही. सगळं खरवडून काढलं.

६ ऑगस्ट.
निल्गुन आली. सांगितलं, उन्हाने रंग ओघळले, चित्र वाया गेलं. तिने माझे दोन्ही हात धरले. "दादा, बाबा गेले, आणि तुमची एवढी मेहनतही गेली." मला भरून आलं. खरंच किती मेहनत केली होती मी.

११ ऑगस्ट.
निल्गुन परत गेली. संध्याकाळी मुकद्देस काकू शिऱ्याची बशी घेऊन वर आल्या. धाप लागली होती, काकांच्याच खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "मुलीला मी काही बोलले नाही. बोलणारही नाही." कशाबद्दल, असं विचारलं.
तिसऱ्याच दिवशी तुम्ही पाणी आणायला आत गेलात ना, तेव्हा ह्यांनी चित्र बघितलं होतं, म्हणाल्या. नुसतं पांढरं कापड.

"मी रोज भांडायची, अहो, कशाला जाता त्या भट्टीत? तर म्हणायचे, अगं, त्याच्याकडे दुसरं जातं तरी कोण? समोर माणूस बसलेला असला तर सुरू करेल एखाद्या दिवशी."
उन्हाने कॅनव्हासचं कापड आखडतं, हवा दमट, असं काहीतरी बोलायला लागलो. काकू म्हणाल्या, "शिरा खाऊन घ्या, गार होतोय." आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेल्या.

१२ ऑगस्ट. ३९.
दहाला कॅनव्हाससमोर बसलो. अकराला उठलो. काढलं काही नाही. तयारी नाही, निरीक्षण नाही. येत नाही मला.