पऱ्हाटीची साखर

आष्टी, १२ फेब्रुवारी १९९९

चि. बेबीनंदास उषाक्काचा आशीर्वाद. वि. वि.

खुशाली विचारू नको. परवा नाल्याचं पाणी पिऊन आपली गाभण म्हैस मेली. शेजारच्या धर्मराजची वासरं तडफडून राह्यलीत. पाणी नाकाला झोंबतं, हात घातला तर चरचरतो. वरच्या अंगाला तुझ्या साखरेचा कारखाना आहे न!

दोन वर्षांमागं दिवाळीत देवळापुढं उभी राहून तू काय म्हणाल्ती? कापूस वेचल्यावर उरलेल्या पऱ्हाट्या आपण जाळतो. बुरशीतून काढलेलं एन्झाइम त्यांची साखर करतं, त्या साखरेतून मधुमेहवाल्यांना चालणारी गोडी बनती, घाण बिलकुल न्हाई. तुझ्या शब्दावर तुझ्या दाजींनी कारखान्याला रान दिलं. आता लोक आमच्या दारापुढं थुंकतात. सासूबाई म्हणतात, तुझ्या बहिणीनं शिकून आम्हाला विष पाजलं. मी काय बोलू त्यांना? जल्दी कळव.

रागावलेली, तरी तुझीच,
उषाक्का

पुणे, १८ फेब्रुवारी १९९९

ती. अक्कास बेबीचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. अक्का, एन्झाइमनं ढोरं मरत नाहीत. नाल्यात तेजाब, म्हणजे अ‍ॅसिड आहे. कारखान्याच्या मालकांना, साहेबरावांना, फोन केला. ते चक्क हसले. म्हणाले, मॅडम, तुमच्या एन्झाइमला दिवस लागतात, तेजाब तासाभरात साखर काढतं. म्हणजे आमच्या एन्झाइमचे कॅन त्यांच्या गोदामात सीलबंद पडलेत, आणि फाटकावरच्या पाटीवर नाव आमच्या प्रयोगशाळेचं!

प्रयोगशाळेचे आमचे सर म्हणाले, करार कारखान्याशी आहे, गावाशी नाही, तू यात पडू नकोस. मी पडणार. रविवारी येते. दाजींना ग्रामसभा बोलवायला सांग. ढोरांना हातपंपाचं पाणी पाज. कारखान्याच्या पाइपाच्या तोंडचं पाणी काचेच्या बाटलीत भरून ठेव, पण त्याला हात लावू नकोस. म्हशीचं फार वाईट वाटलं गं.

भेटीपर्यंत माया पातळ करू नकोस.
तुझी बेबी

आष्टी, २९ मार्च १९९९

चि. बेबीनंदास आशीर्वाद. वि. वि.

दाजींनी पुण्याला तुझ्या प्रयोगशाळेत फोन केल्ता. तुझ्या सरांनी तुला कामावरून काढलं, हे आम्हाला परक्याच्या तोंडून कळावं? म्हैस मेल्यापेक्षा मला याचा राग जास्त आला. सभेत ताठ उभी राह्यलीस, आणि घरच्यांपासून लपवतेस?

तू बाटलीतलं पाणी शहाबादी फरशीवर ओतलं अन् फरशी फेसाळली, तेव्हा सरपंचानं बसल्या जागी पाय वर घेतले. साहेबराव म्हणाला, साखर काढायची ही कृती बाईंचीच आहे. तू म्हणालीस, मंग गोदाम उघडा, माझे कॅन मोजू. तेव्हा तो सभेतून उठून गेला. तू गेल्यावर आम्ही बायांनी घमेल्यानं मुरूम टाकून पाइप बुजवला. दुसऱ्या दिवशी साहेबरावनं उकरला, आम्ही परत बुजवला. मंग तहसीलची जीप आली अन् फाटकाला टाळं लागलं. रान परत घ्यायचा कज्जा कोर्टात चालू आहे. धर्मराजचं एक वासरू वाचलं.

काल हातपंपावर एक बाई तुझ्या नावानं बोटं मोडत होती. सासूबाईंनी भरलेली घागर खाली ठेवली अन् तिच्या अंगावर गेल्या. म्हणाल्या, आमची पोरगी नोकरी घालवून बोलली, तुझ्या घरातलं कोण बोललं? आमची पोरगी म्हणाल्या, बेबी. मी मागंच उभी होते.

सामान बांध अन् घरी ये. बाकीचं भांडण समोरासमोर करू.
तुझी अक्का